भाकरीवरची पाटी

 

आजचा विषय जाहीर झाल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "सर, सारी हयात तत्त्वज्ञान शिकवलंत आणि आता पिठलं-भाकरीवर आलात?" आम्ही म्हटलं, अहो, आलो कुठे, निघालोच तिथून होतो. तैत्तिरीय उपनिषदात भृगू ब्रह्म म्हणजे काय ते शोधायला तपाला बसतो. त्याला सापडलेलं पहिलं उत्तर 'अन्न' हे आहे. पुढे तो प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा पायऱ्या चढत जातो. आमचे विद्यार्थी परीक्षेत शेवटची पायरी अचूक लिहायचे, पहिली मात्र विसरायचे. मास्तरही विसरत होते, हे कबूल करायला हवं.

तर आज आपण त्या पहिल्या पायरीवरच थांबणार आहोत. प्रश्न साधा आहे. भुकेल्यांना जेवू घालणारी एखादी लहानशी स्थानिक संस्था सुरू होते, दहा-पंधरा वर्षं चालते, नावारूपाला येते. या काळात तिचा हेतू आणि लोकांपुढची तिची प्रतिमा या दोन गोष्टी एकमेकींचा हात धरून चालतात की एक दुसरीला ओढत नेते? यावर आम्ही समीक्षा करणार आहोत ती एखाद्या पुस्तकाची करावी तशी, म्हणजे मजकूर वाचून. आमचा मजकूर आहे तीन पाट्या.

या पाट्या एकाच जागेवर, एकामागून एक लागल्या. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या फाटकाबाहेर. रुग्णालयाचं आणि संस्थेचं नाव आम्ही सांगणार नाही, कारण पुढे जे दोष सांगायचे आहेत त्यात आमचाही वाटा आहे, आणि बाकीची माणसं आपली बाजू मांडायला इथे हजर नाहीत. निवृत्तीनंतर काही वर्षं आम्ही त्या संस्थेच्या समितीवर होतो. ठरावांची भाषा नीट करून देणं हे आमचं काम. प्राध्यापकाला दुसरं काय येतं?

सुरुवात कशी झाली ते सांगतो. सरकारी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला वॉर्डात जेवण मिळतं. त्याच्यासोबत आलेल्या माणसाला मिळत नाही. हा माणूस खेड्यातून आलेला असतो, त्याची मजुरी बुडालेली असते, औषधाच्या चिठ्ठीपायी खिसा रिकामा झालेला असतो. तो रुग्णाच्या ताटातलं उरलेलं खातो किंवा चहा-पावावर दिवस काढतो. हे काही पेन्शनर मंडळींनी आणि बाजारातल्या दोन-तीन व्यापाऱ्यांनी पाहिलं. एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, भाकऱ्या थापायला दोन बायका पगारावर ठेवल्या. दुपारी बारा ते दोन ज्वारीची भाकरी, पिठलं किंवा आमटी, कांदा. ताटाला नाममात्र पैसे. ज्याच्याजवळ नसतील त्याने द्यायचे नाहीत, त्याला कोणी विचारायचं नाही.

पहिली पाटी खडूने लिहिलेली होती : 'येथे जेवण मिळेल.'

या वाक्याचं व्याकरण बघा. 'मिळणे' हे मोठं सभ्य क्रियापद आहे. जेवण मिळतं, कोणाला, तर जो येईल त्याला. देणारा कोण, हे वाक्य सांगतच नाही. त्याला जागाच नाही. नळाला पाणी येतं, स्टॅण्डवर गाडी मिळते, तसं इथे जेवण मिळतं. 'देणे' म्हटलं की देणारा आणि घेणारा असे दोघे उभे राहतात आणि एकाचा हात वर, एकाचा खाली होतो. 'मिळणे' म्हटलं की फक्त जेवणारा उरतो.

त्या दिवसांतली एक आठवण आहे. मराठवाड्याकडचे एक वयस्कर गृहस्थ जेवायला बसले होते. त्यांचा मुलगा वॉर्डात होता. त्यांनी भाकरी मोडली, बघितली आणि भाकरी करणाऱ्या मावशींना म्हणाले, "बाई, ही मधी कच्ची राह्यलीय." मावशी म्हणाल्या, "थांबा दादा, दुसरी टाकते." त्यांनी टाकली. त्यांनी खाल्ली. एवढंच. तेव्हा आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. आजचं सगळं व्याख्यान त्या एका कच्च्या भाकरीभोवती आहे, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

अशी पाटी आमच्या संस्थेनेच शोधून काढली असं मात्र नाही. महाराष्ट्रात तिची परंपरा आहे, आणि ती सदावर्ताच्या आणि अन्नछत्राच्या परंपरेपेक्षा थोडी वेगळी आहे. जुन्या अन्नछत्रांचं उगाच गुणगान करायला नको. त्यांच्या पंगती जात बघून बसत, हे आपल्याला माहीत आहे. वेगळी परंपरा म्हणजे काय, तर पुण्यातल्या हमाल पंचायतीने बाबा आढावांच्या पुढाकाराने १९७४ साली सुरू केलेली 'कष्टाची भाकर'. बायकामुलं गावी ठेवून बाजारात पोती वाहणारा हमाल. खाणावळ परवडत नाही, आणि स्वस्त जे मिळतं ते अंगाला लागत नाही. त्याच्यासाठी ना नफा ना तोटा या तत्त्वावर स्वयंपाकघर चालवायचं असं त्यांच्याच संघटनेने ठरवलं. हळूहळू तिथे रिक्षावाले येऊ लागले, विद्यार्थी येऊ लागले, कचेरीतले लोक येऊ लागले. भाकर सगळ्यांना, पण नाव तेच.

ते नाव नीट ऐका. 'कष्टाची' हे विशेषण कोणाचं वर्णन करतं? देणाऱ्याचं नाही. खाणाऱ्याचं. ही भाकर तुझ्या कष्टाची आहे, तू कोणाचं देणं लागत नाहीस. तिथे आमटी पाणचट झाली तर हमाल ते बोलून दाखवील, कारण स्वयंपाकघर त्याच्या संघटनेचं आहे. हे दान नव्हे आणि धंदाही नव्हे. मुंबईत त्याच सुमारास, १९७५ साली, प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तिथेही रोख होता तो डबे करणाऱ्या बाईला सावकाराच्या हातून सोडवण्यावर. पोट भरणं हे काम, पण हेतू माणसाला उभं करणं हा. या दोन्ही ठिकाणी प्रतिमा हेतूच्या मागून आली.

आता दुसरी पाटी. आमची शेड तीन-चार वर्षं चालल्यावर संस्थेची रीतसर नोंदणी झाली, पावतीपुस्तकं छापली, वर्तमानपत्रात छोटी बातमी आली. नाममात्र पैसेही बंद झाले. रंगाने लिहिलेली लोखंडी पाटी लागली : संस्थेचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली 'यांच्यातर्फे गरजू रुग्णांच्या नातेवाइकांसाठी मोफत अन्नदान'.

ही भाषा आम्हीच दुरुस्त करून दिली होती. 'नातेवाईकांसाठी' मधला ईकार ऱ्हस्व केला आणि समाधान मानलं. वाक्यात काय बदल झाला हे बघितलंच नाही. देणारा आता वाक्याच्या अग्रभागी आला होता. खाणाऱ्याला नाव मिळालं होतं, 'गरजू'. आणि क्रियापद जाऊन नाम आलं होतं, 'दान'.

दान हा शब्द वाईट नाही. पण जड आहे. ज्या उपनिषदाचा मघाशी उल्लेख केला त्याच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना दानाबद्दल बोलतो. श्रद्धेने द्यावं हे त्यात आहे, ते सगळ्यांना माहीत असतं. पण देताना मनात संकोच असावा आणि भीतीही असावी, असंही तिथे आहे. देणाऱ्याला भीती कसली? आम्ही वर्गात याचं उत्तर काहीतरी ठोकून द्यायचो. शेडमध्ये उभं राहिल्यावर समजलं. देताना आपण समोरच्याला लहान करत असतो, त्याची भीती.

कांटने १७९७ च्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात हेच त्याच्या पद्धतीने मांडलं आहे. मदत करणाऱ्याने मदत अशी करावी की घेणाऱ्याला मिंधं वाटू नये. आपण केलं ते कर्तव्यच होतं किंवा फार किरकोळ होतं असं दाखवावं. आणि पुढे तो एक बोचरा प्रश्न विचारतो : एकाजवळ देण्याइतकं आहे आणि दुसऱ्याजवळ खाण्याइतकं नाही, ही स्थिती बऱ्याचदा अन्यायातूनच आलेली असते, मग त्या देण्याला औदार्य म्हणायचं का? फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९२५ च्या आपल्या निबंधात दाखवलं की भेट ही परतफेडीची अपेक्षा घेऊनच येते, आणि जिची परतफेड करता येत नाही ती भेट घेणाऱ्याला जखम करते. आमच्या शेडमधल्या माणसाला परतफेड करता येत नव्हती. नाममात्र पैसे बंद करून आम्ही त्याच्याजवळची होती नव्हती तेवढी सोयही काढून घेतली होती. आम्हाला वाटलं, आपण उदार झालो.

इथे कोणी म्हणेल, मग नाममात्र किंमत ठेवली की झालं. तेवढ्याने होत नाही. १९९५ साली युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं सुरू केली. एक रुपया ही किंमत नव्हती, मान होता. माणूस पैसे टाकून खातो, ओशाळत नाही. कल्पना चांगली होती. पण सरकारी अनुदान आणि मोक्याच्या जागा या दोन गोष्टींना लवकरच भाकरीपेक्षा जास्त मोल आलं. योजना पुढच्या सरकारच्या काळात गुंडाळली गेली. कित्येक ठिकाणी पाटी झुणका-भाकरीची राहिली आणि आत वडे, चहा, चायनीज मिळू लागलं. जागांचे वाद कोर्टापर्यंत गेले. हेतू निघून गेला तरी प्रतिमा जागा अडवून बसू शकते, याचं इतकं ठसठशीत उदाहरण दुसरं नसेल.

मग २६ जानेवारी २०२० ला शिवभोजन थाळी आली. दहा रुपयांत तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, शंभर ग्रॅम वरण, दीडशे ग्रॅम भात. शहरात थाळीची किंमत पन्नास रुपये धरली, खेड्यात पस्तीस; दहा रुपये जेवणाऱ्याने द्यायचे, वरचे सरकारने. दोनच महिन्यांत टाळेबंदी आली, थाळी पाच रुपयांवर आली, पुढच्या वर्षी काही काळ ती मोफतही दिली गेली. त्या दिवसांत या थाळीने किती जणांना तारलं हे ज्यांनी रस्त्यावर माणसं चालताना पाहिली त्यांना सांगायला नको. पण या योजनेत एक बारीक गोष्ट होती. जेवणाऱ्याचा फोटो काढून तो ॲपवर चढवावा लागे. दहा रुपये दिलेत, तरी जेवण्याआधी चेहरा दाखवा.

आता यावर नुसतं हसून चालणार नाही. लेखापरीक्षक विचारतो तो प्रश्न खरा आहे : पैसे सरकारचे आहेत, माणूस खरंच जेवला कशावरून? खोट्या थाळ्या दाखवणारे केंद्रचालक निघाले, हेही झालं. पण ज्याच्यावर संशय आहे तो चालक, आणि चेहरा द्यायचा तो जेवणाऱ्याने. एखाद्या हॉटेलात आपण शंभर रुपये देऊन जेवतो तेव्हा मालकाच्या आयकराच्या हिशोबासाठी आपला फोटो काढला तर आपण काय करू? भांडू. तो भांडत नाही, कारण त्याला भूक लागलेली असते.

आणि फोटोवरून आपण येतो तिसऱ्या पाटीकडे.

तिसरी पाटी म्हणजे फ्लेक्स. आमच्या संस्थेचा खर्च वाढत होता, देणगी कमी पडत होती. कोणीतरी सुचवलं की वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा निमित्ताने एका दिवसाचं जेवण पुरस्कृत करायला लोकांना सांगावं. कल्पना उत्तम चालली. त्या दिवशी जेवणात गोड असायचं. आणि मागे फ्लेक्स : 'श्री. अमुक यांच्या वाढदिवसानिमित्त तमुक यांच्या शुभहस्ते अन्नवाटप.' वर पाच-सहा चेहरे, हसरे.

पहिल्या पाटीत देणारा नव्हता. दुसरीत दोघेही होते. तिसरीत खाणारा नाही. शब्दानेसुद्धा नाही, 'गरजू' एवढाही नाही. तो फक्त फोटोत आहे. फ्लेक्सवरच्या नव्हे, फ्लेक्ससमोर काढलेल्या फोटोत. ताट धरलेल्या दोन हातांपैकी एक हात त्याचा. आणि 'दान' जाऊन 'वाटप' आलं. वाटप पत्रकांचं होतं, छत्र्यांचं होतं.

देणगीदारांना फोटो हवा असे. समितीत चर्चा झाली. ठराव आम्ही लिहिला. शब्द अजून लक्षात आहेत, कारण ते लिहिताना मनात थोडं खटकलं होतं आणि म्हणूनच भाषा जास्त गुळगुळीत झाली होती : 'देणगीदारांच्या समाधानार्थ व पारदर्शकतेच्या दृष्टीने अन्नवितरणाचे छायाचित्र घेण्यास मान्यता देण्यात येत आहे.' पारदर्शकता! तत्त्वज्ञानाच्या माणसाने शब्दाशी इतकी बेइमानी करू नये.

एका दुपारी आम्ही स्वतः तिथे होतो. एक बाई रांगेत होत्या, चाळिशीच्या असतील. ताट घेण्याची वेळ आली तेव्हा फोटोवाला म्हणाला, "मावशी, इकडे बघा." त्यांनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला. तो पुन्हा म्हणाला. त्या ताट न घेता रांगेतून बाजूला झाल्या आणि फाटकातून आत निघून गेल्या. कोणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मुद्दाम गेलो, त्या दिसल्या नाहीत.

त्या वर्षीच्या अहवालात थाळ्यांचा आकडा आदल्या वर्षीपेक्षा मोठा होता. सर्वसाधारण सभेत टाळ्या पडल्या. आणि त्याच अहवालात एक वाक्य होतं, तेही आमच्याच हातचं : 'वर्षभरात लाभार्थ्यांकडून एकही तक्रार प्राप्त झाली नाही.'

टाळ्या वाजवताना ते मराठवाड्याचे गृहस्थ आठवले. "ही मधी कच्ची राह्यलीय." पहिल्या पाटीखाली माणूस तक्रार करू शकत होता. तिसऱ्या पाटीखाली कोणी करत नव्हतं. भाकऱ्या काही जास्त चांगल्या भाजल्या जात नव्हत्या, उलट संख्या वाढल्यापासून घाईच वाढली होती. फक्त ज्याच्यामागे पाच चेहऱ्यांचा फ्लेक्स आहे आणि समोर कॅमेरा आहे, तो माणूस मीठ कमी आहे असं म्हणत नाही. त्याच्या गप्प बसण्याला आम्ही समाधान म्हटलं आणि अहवालात छापलं.

तेव्हा आमचं म्हणणं एवढंच आहे. अन्नसेवा करणाऱ्या संस्थेचा हेतू शाबूत आहे की प्रतिमेने खाल्ला, हे ओळखायची कसोटी थाळ्यांचा आकडा नव्हे. जेवणाऱ्याला तिथे तक्रार करता येते का, ही कसोटी आहे. तक्रार करणारा माणूस आपण ताटाचे हक्कदार आहोत असं मानत असतो. तक्रार थांबली की समजावं, तो हक्क आपण काढून घेतला.

या कसोटीला दुसरं अंगही आहे. ते समजायला थोडं लांब जाऊ, इंग्लंडमधल्या सॉल्झबरी गावी. विषय तोच आहे, पाटीचा.

तिथे १९९७ साली पॅडी आणि कॅरल हेंडरसन या दांपत्याने कॅरलच्या आईच्या वारशातून एक संस्था काढली आणि तिला आईचं नाव दिलं, ट्रसल ट्रस्ट. काम काय, तर बल्गेरियात, सोफियाच्या रेल्वे स्टेशनवर झोपणाऱ्या मुलांना मदत. म्हणजे गरीब दूर देशी, दाते इंग्लंडात, अशी सोयीची रचना. २००० साली त्यांना सॉल्झबरीतल्याच एका आईचा फोन आला. तिचं म्हणणं, माझी मुलं आज उपाशी झोपणार आहेत, तुम्ही इथे काय करता? म्हणजे संस्थेचा हेतू बदलला तो एका तक्रारीने! त्यांनी घराच्या आवारातल्या शेडमध्ये आणि गॅरेजमध्ये शिधा साठवून फूडबँक सुरू केली. पुढे तिच्या शाखा देशभर झाल्या. २०१० नंतर तिथल्या सरकारने कल्याणकारी खर्चाला कात्री लावली आणि या शाखांपुढच्या रांगा वाढत गेल्या. २०२३-२४ या वर्षात या जाळ्याने ३१ लाखांहून अधिक शिधापाकिटं दिली.

आता बघा, हा आकडा त्यांनी कसा सांगितला. आम्ही केवढं काम केलं, असा नाही. देशाची ही अवस्था झाली आहे, असा. अन्नबँकांची गरजच संपावी, हे संस्थेने आपलं उद्दिष्ट म्हणून जाहीर केलं. लोक का येतात, कोणता भत्ता कापला म्हणून येतात, याची नोंद ठेवली आणि ती सरकारपुढे मांडली. २०२४ मध्ये नावातून 'ट्रस्ट' हा शब्दही काढून टाकला. जेवणाऱ्याची तक्रार त्यांनी वर पोचवली. हेच कसोटीचं दुसरं अंग. जेवणाऱ्याने संस्थेकडे तक्रार करावी आणि संस्थेने ती राज्यकर्त्यांकडे करावी.

ट्रसल निर्दोष आहे असं आम्ही म्हणत नाही. तिथे शिधा घ्यायला सहसा डॉक्टर, समाजसेवक अशा कोणाची तरी चिठ्ठी लागते. म्हणजे आपली गरज आधी दुसऱ्याच्या तोंडून सिद्ध करायची. आणि सुपरमार्केटच्या दाराशी देणगीची टोपली कायमची ठेवली गेली की लोकांना भुकेचीच सवय होते. ज्याला संपायचं आहे असं जो सांगतो, तोच वर्षागणिक मोठा होत जातो, हा पेच आहेच. पण निदान तो पेच त्यांनी पाटीवर लिहून ठेवला आहे.

आपल्याकडे या दुसऱ्या अंगाचा इतिहास दुबळा नाही. २००१ च्या दुष्काळात गोदामं धान्याने भरलेली आणि माणसं उपाशी, अशी तक्रार घेऊन पीयूसीएल ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशात शाळेत शिजवलेलं जेवण द्यायला राज्यांना सांगितलं, आणि पुढे २०१३ साली अन्नसुरक्षेचा कायदा झाला. माणशी पाच किलो धान्य हा हक्क झाला. दयेची गोष्ट हक्काची होते ती अशी.

मग आमच्या शेडचं काय? हक्क आल्यावर तिची गरज उरली का? उरली. रुग्णासोबत आलेल्या माणसाचं रेशनकार्ड घरी, गावात असतं. ते इथे चाललं तरी हातात तांदूळ येईल; तो फूटपाथवर शिजवायचा कसा? शाळेचं जेवण त्याच्यासाठी नाही, वॉर्डातलं जेवण त्याच्यासाठी नाही. सगळ्या योजनांच्या फटीतून तो बरोबर खाली पडतो, आणि पडतो तो आमच्या शेडपुढे. म्हणजे त्या फटीची माहिती आमच्याइतकी कोणालाच नव्हती. रोज दीडशे-दोनशे माणसं समोर बसत होती. कुठून आलात, किती दिवस झाले, घरी कोण आहे, एवढं विचारलं असतं, तर दोन वर्षांत आम्ही शासनाला सांगू शकलो असतो की रुग्णासोबतच्या एका माणसाचं जेवण वॉर्डातच का धरत नाही. ही तक्रार करायची जागा आमची होती. आम्ही थाळ्या मोजत बसलो.

शेवट फारसा समाधानकारक नाही, तो तसाच सांगतो. त्या बाईंच्या प्रसंगानंतर आम्ही फोटोचा ठराव रद्द करावा असं लिहून दिलं. बरीच चर्चा झाली. जेवणाऱ्यांचे चेहरे घ्यायचे नाहीत, एवढं ठरलं. काही देणगीदार गळाले. महिन्यातले काही दिवस शेड बंद ठेवावी लागली, आणि त्या दिवशी उपाशी राहिलेल्यांना आमच्या तत्त्वाचं काय कौतुक असणार? हा हिशोब आमच्या नावावर आहेच. पुढे गुडघ्यांनी साथ सोडली आणि आम्ही समितीतून बाहेर पडलो. भांडून नाही. फ्लेक्स अजून लागतो असं कळतं, थोडा लहान झालाय. पुन्हा फोटो निघतात का, ते विचारायचं धाडस केलेलं नाही.

एक प्रश्न समोरून चिठ्ठीवर आला आहे, तो घेतो. 'फोटो नाही, नाव नाही, तर देणगी कशी येणार? प्रतिमेशिवाय संस्था चालते का?'

प्रश्न रास्त आहे. चालत नाही. १८७७ च्या दुष्काळात सत्यशोधक समाजाने धनकवडीला उपाशी मुलांसाठी अन्नछत्र चालवलं, तेव्हा जोतीरावांनी मदतीसाठी जाहीर आवाहन केलंच होतं. आणि त्या जागेचं नाव होतं 'व्हिक्टोरिया बालाश्रम'. राणीचं नाव! राज्यकर्त्यांवर कोरडे ओढणाऱ्या माणसाने मुलांच्या भाकरीसाठी पाटीवर राणी चालवून घेतली. तेव्हा पाटीला आमचा विरोध नाही. पाटीवर दात्याचं नाव असू दे, मोठ्या अक्षरांत असू दे, त्याचा फोटोही असू दे. ताटाचा हिशोब लेखापरीक्षकाला देण्यासाठी पिठाची पावती असते, गॅसची असते, कूपन असतं. खाणाऱ्याचा चेहरा ही पावती नव्हे, एवढंच म्हणणं आहे.

आणि ज्यांना वाढदिवसाला असं जेवण द्यायचं असेल त्यांना एक विनंती. अवश्य द्या. पण वाढायला उभे राहू नका, पंगतीत बसा. तेच ताट घ्या. आमटीत मीठ कमी असेल तर मोठ्याने सांगा. तुम्ही बोललात की शेजारचा बोलेल. कदाचित तो म्हणेल, भाकरी मधे कच्ची आहे. म्हटला, तर समजा की वाढदिवस साजरा झाला.

वेळ संपली आहे.  आज कोणाची काही तक्रार असेल तर बाहेर चहाच्या टेबलाजवळ आम्ही आहोत.